यादीतलं पहिलं नाव

‘आधी विचारा, मग हात लावा’ असा कागद आमच्या दवाखान्याच्या दारावर मीच चिकटवला होता, आणि माझ्या डोळ्यांदेखत सिस्टरनी एका ट्रक ड्रायव्हरच्या कपाळावर हात ठेवला. सव्वीस वर्षांची सवय. जित्याची खोड ती. मी केसपेपर काढणारा कारकून, काचेआड बसलेला, म्हणून वाचलो.

ड्रायव्हर म्हणाला, खाणीकडून आलोय, परवाच भावाला पुरलं, आता हिरड्यांतून रक्त येतंय. खाणीकडच्या तापाचं पत्र आम्हाला आलं होतं. त्या तापाने पाच माणसं गेली होती. सिस्टर पांढऱ्याफटक पडल्या, पण आवाज हलला नाही. त्याला लांबूनच मागच्या खोलीत नेलं, पाण्याची बाटली दिली, बाहेरून कडी घातली. आमचे डॉक्टर नेमके याच तापाच्या प्रशिक्षणाला गेलेले. आमचं नशीब नेहमीच असं वेळेवर!

मोठ्या हॉस्पिटलला फोन झाला. ज्यांना ज्यांना त्याचा स्पर्श झाला त्यांची यादी करा, म्हणाले. यादीत नाव म्हणजे एकवीस दिवस एकटं कोंडून घेणं. बाकावर शेजारी बसलेल्या दोघांची नावं मी लिहिली आणि पेन थांबलं. सिस्टरच्या लेकीला नववा महिना होता. जावई परमुलखात, सासू नाही. तीनदा नाकारलेली रजा उद्यापासून सुरू होणार होती.

“सिस्टर, मी काही बघितलं नाही,” मी हळूच म्हणालो.

मला वाटलं, हो म्हणतील. हो म्हणाव्यात असं मला मनापासून वाटत होतं.

“आणि याच हातात नातवंड घेऊ, भाऊ?” त्या म्हणाल्या. “लिहा. सगळ्यात वर लिहा.” मग ड्रेसिंगच्या खोलीत जाऊन त्यांनी आतून दार लावून घेतलं.

सिस्टरना मोठ्या हॉस्पिटलात नेऊन वेगळं ठेवलं; त्यांच्या लेकीजवळ माझी बायको राहिली. सहाव्या दिवशी मी मोठ्या हॉस्पिटलात गेलो आणि काचेपलीकडून सिस्टरना फोनवरचा फोटो दाखवला. मुलगी झाली होती. त्यांनी वजन विचारलं. दोन किलो आठशे, मी ओरडून सांगितलं. त्या फोटो बघायला काचेजवळ आल्या.

तेवढ्यात एक तरुण नर्स त्यांच्या दाराशी आली आणि आत पाऊल टाकणार होती.

“तिथूनच लिहून घे, बाळ,” सिस्टर म्हणाल्या. “ताप एकशे दोन. आज सकाळपासून.”