निळ्या पाण्याखालचा कोपरा

मित्रांनो, मी तांब्याचा मुलामा चढवणारी एक जुनी टाकी आहे. रेडिओपासून दवाखान्यातल्या यंत्रापर्यंत सगळ्यांच्या पोटात विजेच्या वाटा आखलेली एक हिरवी पाटी असते. तिच्या सुईएवढ्या भोकांना आतून तांबे लावणे हे माझे काम. थर सगळीकडे सारखा हवा. कुठे पातळ राहिला, तर तापल्यावर तडकतो आणि चालते यंत्र बंद पडते.

माझ्यावर एक काका काम करत. आकड्यांना पाट्या अडकवताना पुटपुटत, "सरळ उभ्या राहा गं, घाई कसली?" त्यांची लेक शेजारच्या खोलीत सूक्ष्मदर्शकाखाली त्याच पाट्या तपासायची. सगळे माझी वाहवा करत.

मग माझे पोट बिघडले. तळाच्या नळीतून हवा सुटते, म्हणून माझे निळे पाणी ढवळत राहते. एका कोपऱ्यात त्या नळीची छिद्रे गाळाने बुजली. तिथे तांबे नीट बसेना. वरून बुडबुडे दिसत, त्यामुळे कोणाला शंका आली नाही.

लेक बाहेर आली ती मान खाली घालूनच. "बाबा, कडेच्या भोकांतला थर पुन्हा पातळ आलाय."

"दिसलं ते सांग साहेबांना. माझी भीड धरू नकोस."

साहेबांनी काकांच्या खांद्यावर हात ठेवला. "काका, वय झालं. हात थरथरत असतील. पॅकिंगला बसा आता."

हात थरथरत नव्हते, मित्रांनो. मी रोज पाहत होते. पण मला तोंड कुठे आहे? आतल्या आत मी नुसती खदखदत राहिले.

नवा माणूस आला. कडेचा थर पातळच राहिला. तेव्हा कुठे मला रिकामे केले आणि ती बुजलेली नळी सापडली. लेक पॅकिंगकडे धावली. "बाबा, चूक तुमची नव्हती. चला."

साहेबांनीही माफी मागितली. काका आले, त्यांनी पाटी उचलली. ती आकड्यावर खडखडू लागली. आता त्यांचे हात खरोखरच थरथरत होते.

"राहू दे, पोरी," ते म्हणाले आणि पाटी तिच्या हाती देऊन परत गेले.

माझी नळी बदलली. थर पुन्हा सारखा बसतो. तरी सांगते मित्रांनो, काम बिघडले तर माणसाला बोल लावण्याआधी आम्हा मुक्या वस्तूंच्या तळाशी एकदा हात घालून पाहा. आम्ही दुरुस्त होतो.