एका भांड्यातलं जेवण

“अगं, आत येऊ नकोस, अजून गाठी मोडायच्यात,” लिफ्ट दुरुस्तीच्या कामातून निवृत्त झालेल्या लिफ्टवाल्यांनी स्वयंपाकघरातून बायकोला बजावलं आणि चीज ढवळायला पुन्हा जोर लावला. निवृत्तीची भेट म्हणून मुलीने फोंड्यूचा संच पाठवला होता. छोटं भांडं, त्याखाली दिवा आणि दोन लांब काटे. वितळलेल्या चीजमध्ये दोघांनी पावाचे तुकडे बुडवून खायचे, समोरासमोर बसून. आईला कशालाही हात लावू द्यायचा नाही आणि मेणबत्ती लावायची, असा दमच तिने फोनवर भरला होता.

उभ्या जन्मात स्वतःचा चहा न केलेल्या माणसाने दुपारपासून घर डोक्यावर घेतलं होतं. किसणीवर बोट सोललं गेलं, पहिलं चीज करपलं, पण हौस दांडगी. आज आपण एकत्र जेवायचं, असं त्यांनी बायकोला सकाळीच सांगून ठेवलं होतं.

एकत्र जेवणं राहूनच गेलं होतं. लिफ्ट बंद पडायची ती नेमकी माणसं घरी परतायच्या वेळी. कुणीतरी दोन मजल्यांच्या मध्ये अडकायचं आणि लिफ्टवाले हत्यारांची पिशवी उचलून धावायचे. घरी यावं तर ताट झाकून ठेवलेलं. तुम्ही बसा, मी मागाहून बसते, म्हणत ती वाढायला उभी राहायची. ते निवृत्त होऊन घरी बसायला लागल्यावरही तोच शिरस्ता चालू होता. आमची ही माझ्याआधी घास घेत नाही, हे त्यांनी कामावर किती जणांना ऐकवलं असेल. त्याचा त्यांना अभिमान होता आणि मनातून अपराधीही वाटायचं. आज सगळी भरपाई करायची होती.

ती येऊन बसली. ठेवणीतली साडी नेसलेली, चेहऱ्यावर हसू. मेणबत्ती बघून म्हणाली, वीज गेली की काय. दोघंही हसली. त्यांनी तुकडा बुडवला, चीजची तार हनुवटीला चिकटली, तिने ती पुसून दिली. ते एकामागून एक तुकडे खात होते. ती मात्र एकच तुकडा भांड्यात फिरवत बसली होती.

“घे ना. बिघडलंय का?”

“छान झालंय हो.” तिने काटा खाली ठेवला. “माझं जेवण झालंय. दिवेलागणीलाच.”

“अगं, सकाळी सांगितलं होतं ना तुला?”

“सांगितलं होतंत. तसं नेहमीच सांगायचात.” तिच्या आवाजात तक्रार नव्हती. “हात आपोआप गेला. जेवून झाल्यावर आठवलं.”

मग हळूहळू सगळं कळलं. मुलगी तान्ही असताना एकदा वाट बघून बघून तिला भोवळ आली होती. पोर कडेवरून पडता पडता वाचलं. तेव्हापासून ती वेळेवर जेवून घ्यायची.

“मला का नाही सांगितलंस?”

“तुम्ही इतके दमून यायचात. कुणीतरी आपल्यासाठी थांबलंय, एवढं तरी वाटू दे म्हटलं.”

त्यांनी भांड्याखालचा दिवा विझवला. त्यांना फार वाईट वाटलं. ती इतकी वर्षं एकटी जेवली आणि आपण फुशारकी मारत फिरलो. भांड्यातलं चीज घट्ट होत गेलं. “उद्या थांबेन मी,” ती म्हणाली. “नक्की थांबेन.”

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते पाणी प्यायला आत जायला निघाले आणि दारातच थबकले. ती ओट्याशी पाठमोरी उभी होती. डाव्या हातात ताटली, आणि घाईघाईने जेवत होती, अजून पुष्कळ कामं पडली असावीत तशी. त्यांनी पायातल्या चपला काढून हातात घेतल्या आणि आवाज न करता मागे फिरले.

थोड्या वेळाने तिने हाक मारली. तिने दोन ताटं मांडली होती आणि आज ती समोर बसलीही. वाढायला तिने हात पुढे केला, तो त्यांनी अडवला. आज मला फारशी भूक नाही, म्हणाले. मग तिच्या ताटात त्यांनी स्वतःच वाढलं, अगदी एवढंसं.