डब्याचा तळ

…डुगडुगला होता. सकाळी ओट्यावर ठेवल्याबरोबर, एकदाच — की ओटाच तिथे खोलगट आहे? मंगलीने रिकामा डबा पुन्हा त्याच जागी ठेवून पाहिला. आता हलत नाही. पण आता झाकण कापलेलं, आतला वारा निघून गेलेला. आता तो काय सांगणार.

पातेल्यात सॉस रटरटत होता. लाल. एक वाजता सफारीवाले बावीस पाहुणे हाच खाणार, त्यांत दोन लहान मुली, आणि शेफ माधवी मॅडम नागपूरला, आणि इटलीच्या टोमॅटोचे डबे निवडायचं काम आज पहिल्यांदाच मंगलीकडे.

निवड बरोबरच होती. चिरलेले नकोत, त्या फोडी शिजूनही कडक राहतात. अख्खे, सोललेले, लांबुळके, त्यांच्याच रसातले. पोचा आलेला डबा नको. फुगलेला तर मुळीच नको — आत विष असतं, मॅडम म्हणाल्या होत्या, वास नाही, चव नाही. वरचं झाकण दाबायचं, मग डबा उलटा करून खालचं. मंगलीने वरचं दाबलं होतं. खालचं…

खालचं पाहिलं नाही.

गडचिरोलीकडच्या तिच्या गावात पोर चालायला लागलं की आई आधी हेच शिकवते — वाटेवर डबा दिसला का लांबूनच पाहाचं, हात नाई लावाचा, उलटवाचा त बिलकुल नाई. जंगूकाकाने ओढ्यावरच्या रपट्याजवळचा एक उलटवला होता, खाली काय आहे म्हणून. खाली सुरुंग होता. तेव्हापासून त्याच्या सदऱ्याची डावी बाही दुमडलेली, आणि तिला टाचणी लावायचं काम लहानग्या मंगलीचं… टाचणी, बाही, बाहीत काहीच नाही… इथे लॉजवर नोकरीला लागल्यावर तिने हातांना डबा उचलायला शिकवलं. सरळ, पाण्याने भरल्या गुंडीसारखा. उलटा नाही.

"काऊन मंगलीबाई, रिकाम्या डब्याची पूजा करून राह्यली का?" ताटं पुसणारा रोशन दारातून म्हणाला.

"रोशनभाऊ, हा सकाळी डुगडुगला."

"मी बी डुगडुगतो. मले कोणी फेकते का?" त्याने आत येऊन चमचा पातेल्यात बुडवला.

"नको!"

चमचा खाली पडला. "अवो, मले वाटलं वाघच आला!"

तो हसत गेला. सॉस सांडून द्यावा तर मॅडम विचारणार, सांगावं लागणार, आणि उद्यापासून पुन्हा कांदे सोलणं. न सांडावा तर त्या दोन मुली, एकीचा समोरचा दात पडलेला, सकाळी तिने दाखवला होता…

बारा वाजून पाच. एकपर्यंत दुसरा सॉस अजूनही होईल. फळीवर तसाच एक मोठा डबा उरला होता.

तिने तो दोन्ही हातांनी उचलला. डोळे मिटले. उलटा केला.

आतले टोमॅटो सावकाश घसरले, झोपेत कोणी कूस बदलावी तसे. बस, तेवढंच. तिने डोळे उघडले. तळ सपाट, गार. जंगूकाकाची भीती इतकी वर्षं तिने जपून वापरली होती, तिच्या हातांना ती नीट बसलीही होती. मागे पातेल्यात रटरटत होती ती भीती मात्र तिची एकटीची, आजची, आणि उलटा डबा छातीशी धरून मंगलीला तिच्याकडे वळवेना…