पावसासाठी उकरलेली कबर

लातूर जिल्हा झाला, तेव्हा निलंग्याकडच्या एका गावात पेढे वाटले होते. पुढं पाऊस असा काही रुसला की बारवा आटल्या, आणि नव्या जिल्ह्याचा टँकर काही गावाकडं फिरकेना. मग राग काढायला गावाला एक मेलेलं माणूस सापडलं!

गुणाबाई सुईण ख्रिस्ती होती. अंगावर कोड. उन्हाळ्यात ती वारली आणि तिला पुरलं. कोड असलेलं माणूस पुरलं की पाऊस अडतो, प्रेत उकरून काढावं लागतं, अशी तिकडची खुळी समजूत. पारावरच्या बैठकीत मलप्पा दुकानदारानंही खाली बघत 'हाव, उकरा' म्हणून टाकलं. उगाच गिऱ्हाइकांशी वाकडं कशाला घ्या!

संध्याकाळी गुणाबाईचा नवरा याकोब दुकानाच्या पायरीशी आला.

"अप्पा, तुमचा शब्द गाव ऐकतंय. तिला निजू द्या."

"माझ्या हातात काय हाय, याकोब?"

"पाद्री सांगायचे, रोमात बी पाऊस न्हाई झाला की ख्रिस्ती माणसालाच धरायचे. मला वाटायचं, लई जुनी गोष्ट हाय."

तो डोळे पुसत निघून गेला. आतून मलप्पाची म्हातारी आई शरणम्मा बाहेर आली.

"मलप्पा, आपण लिंगायत. तुझ्या बापाला जाळलं का आपल्या शेतात पुरलं? आठशे वर्षांमागं कल्याणात आपल्या शरणांच्या, आपल्या संतांच्या मागं राजाच्या तलवारी लागल्या, तवा आपलीच माणसं रानोमाळ पळाली न्हवं? आन तुझी लेकरं कुणाच्या हातावर आली रं?"

मलप्पा अनवाणीच कबरीकडं धावत सुटला. पण कबर उघडी पडली होती!

"थांबा! माझं चुकलं!"

"बैठकीत तर हाव म्हणलास की," कुणीतरी हसलं. लोकांनी प्रेत कोरड्या ओढ्यात नेऊन टाकलं. मलप्पा मागोमाग ओढ्यात उतरला.

गर्दी पांगल्यावर त्यानं आणि याकोबनं तिला मलप्पाच्या शेतात, त्याच्या वडिलांशेजारी पुरलं.

पाऊस आला नाहीच. काही दिवसांनी पारावर पुन्हा बैठक बसली.

"मलप्पाच्या बापाच्या ओठावर बी पांढरा डाग व्हता, न्हाई का?"

"न्हाई! हात लावू देणार न्हाई!" मलप्पा जिवाच्या आकांतानं ओरडला. त्याच्या बाजूनं एकटा याकोब उठला. बाकी सगळे खाली बघत बसले, जसा मागच्या बैठकीत तो बसला होता.

बंधुभगिनींनो, संकटाला गुन्हेगार हवा असतो, आणि जे थोडे असतात त्यांचंच दार आधी ठोठावलं जातं. तेव्हाच 'नाही' म्हणा. आपल्या दाराशी आल्यावर म्हटलेलं 'नाही' ऐकायला कुणी उरत नाही.