बाकावरचे चार

“तीन-पाच-दोन करा, साहेब,” ड्युटीचार्टवरून मान वर न करता मेट्रनबाई म्हणाल्या. “मागे तीन, मधे पाच, पुढे दोन. तुमचा सगळा पैसा मागच्या फळीत अडकून पडलाय.”

इस्पितळाचे व्यवस्थापक खुर्ची ओढून त्यांच्या शेजारी बसले. कर्मचाऱ्यांनी मोबाइलवर मांडलेल्या फुटबॉलच्या खेळात साहेब तळाला होते. शंभराच्या बजेटात पंधरा खरे खेळाडू निवडायचे, अकरा उतरवायचे, चार बाकावर बसवायचे; अकरांतला कुणी खेळला नाही तर त्याच्या जागी बाकावरचा धरायचा. ते खऱ्या सामन्यांत जसे खेळतील तसे आपल्याला गुण. बाईंनी जन्मात एक सामना पुरा पाहिला नव्हता. पण बावीस वर्षं नर्सेसच्या पाळ्या त्याच लावत होत्या. कोण खंबीर, कोण सोमवारी हमखास आजारी पडतं, कुणाला कुणाशेजारी ठेवलं की धुसफुस सुरू, हे त्या झोपेतही सांगू शकल्या असत्या. आकड्यांतून माणूस ओळखायला त्यांना कितीसा वेळ लागणार?

“आणि बाकावर कोण?”

“सगळ्यात स्वस्त चार. खेळले नाहीत तरी चालेल. वाचलेला पैसा पुढच्या दोघांवर लावा.”

“बाई, तुम्ही खरं तर माझ्या खुर्चीत बसायला हवं.”

बाई नुसत्या हसल्या. कौतुकाची सवय नव्हती. ते वाक्य दोन दिवस त्यांच्या मनात घोळत राहिलं.

सहा आठवड्यांत साहेब पहिले आले. सातव्या आठवड्यात त्यांनी बाईंना बोलावून एक कागद पुढे सरकवला. कुणी आलं नाही की तिच्या जागी उभ्या राहणाऱ्या चारही राखीव नर्सेसची नोकरी एक तारखेपासून बंद.

“निम्मे दिवस त्या नुसत्या बसून असतात,” साहेब म्हणाले. “तुमचंच सूत्र, बाई. बाकावर पैसा घालवायचा नाही.”

“साहेब, तो खेळ आहे. तिथे माणूस कमी पडला तर शून्य मिळतं. इथे पलंगावर कुणीतरी निजलेलं असतं.”

“वरच्यांना मी हेच उदाहरण दिलं. लगेच पटलं त्यांना. इथे सही करा.”

बाईंनी दोन दिवस सही केली नाही. तिसऱ्या दिवशी सहीवाचूनच हुकूम निघाला.

राखीव चौघींतली सगळ्यात जुनी नऊ वर्षं इथे होती. उंचीमुळे तिला सगळे शिडी म्हणत. ड्युटीचे बूट पिशवीत कोंबत तिने विचारलं, “खरं का हो, बाई? आम्हाला काढायची अक्कल तुम्हीच दिलीत म्हणतात.”

“मी खेळाबद्दल बोलले होते गं.”

“म्हणजे खेळता खेळता गेली नोकरी. घरी सांगायला बरं पडेल.”

“मी चिठ्ठी देते तुला. दुसरीकडे कुठे...”

“राहू द्या. तुमच्या शब्दाला केवढं वजन आहे ते पाहिलं आम्ही.”

ती पाया पडली नाही, रडलीही नाही. पिशवीची गाठ मारून जिना उतरून गेली.

पुढच्याच आठवड्यात एका सकाळी दोन नर्सेस तापाने आल्या नाहीत. बाई स्वतः वॉर्डात उतरल्या. अर्धांगवायूच्या एका म्हाताऱ्याची कूस बदलायची होती. पडून पडून त्याच्या पाठीवर लाल चट्टा उठू लागला होता. खालची चादर दोन्ही बाजूंनी धरून त्याला उचलावं लागे, एकटीचं काम नव्हे.

तेवढ्यात साहेब मोबाइल घेऊन आले. “घात झाला, बाई. माझे दोघं जखमी, उतरलेच नाहीत. बाकावरचा एकही खेळला नाही. पहिल्यावरून तिसरा आलो. आता बाकावर एखादा खेळणारा ठेवावा म्हणतो. कुणाला घेऊ?”

“मला त्यातलं काही कळत नाही, साहेब.”

“असं काय करता? तुम्हीच तर...”

“माझ्याही दोघी आज उतरल्या नाहीत. हे टोक धरता?”

साहेबांनी आपल्या इस्त्रीच्या बाह्यांकडे पाहिलं, मग घड्याळाकडे. “मीटिंग आहे मला,” म्हणत ते दाराकडे वळले.

कोपऱ्यातल्या स्टुलावरून म्हाताऱ्याची बायको उठली. “मी धरू का, बाई?”

“धरा, आजी. तीन म्हटलं की उचलायचं.”

बाईंनी तीन म्हटलं. त्यांच्या बाजूची चादर वर आली. आजींच्या बाजूची गादीवरच राहिली. बाईंनी चादर हलकेच खाली टेकवली आणि पुन्हा एकपासून मोजायला सुरुवात केली.