ब्याण्णव टक्के आराम

सोमवारी सकाळी सव्वानऊ वाजता निवृत्त पोस्टमनच्या रक्ताचा अहवाल आला. उपाशीपोटी साखर एकशे शहात्तर. दोन आठवड्यांपूर्वी ती एकशे अठ्ठावीस होती. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंची मर्यादा दीडशेची. बुधवारचे मोतीबिंदूचे ऑपरेशन रद्द झाले.

पोस्टमनचे वय बहात्तर. उजवा डोळा लहानपणीच गेलेला, मोतीबिंदू डाव्यात. म्हणजे ऑपरेशन एकाच डोळ्याचे होते आणि डोळाही एकच होता.

चूक कुठे झाली हे शोधायला फार वेळ लागला नाही. त्या चुकीचा तक्ता फ्रिजवर चिकटवलेला होता.

पोस्टमनचा मुलगा एका मोठ्या गोदामात नियोजन पाहतो. कोणता माल कोणत्या फळीवर ठेवला की कामगाराला कमी चालावे लागेल, हे तो मोजतो. त्याबद्दल त्याला बढती मिळालेली आहे. ऑपरेशनची तारीख ठरली त्याच संध्याकाळी त्याने ही विद्या घरी आणली. अंधुक दिसत असताना बाबा पडले तर? भीती रास्त होती. बाबा अजूनही रोज सकाळी टपाल वाटण्याच्या आपल्या जुन्या बिटावर फेरी मारत, वाटायला एकही पत्र नसताना. मनगटावर पावले मोजणारे घड्याळ आले. मनगटावर पावले मोजणारे घड्याळ आले. खुर्ची न्हाणीघराच्या दाराजवळ सरकली. पाणी, मधुमेहाच्या गोळ्या, रेडिओ, सगळे हाताशी आले.

नवव्या दिवशी जेवताना मुलाने निकाल जाहीर केला. "सुरुवातीला सात हजार चारशे पावलं होती, आज सहाशे दहा. शाब्बास, बाबा!"

"मी काय केलं?"

"काहीच नाही. तेच तर!"

पोस्टमनच्या धाकट्या बहिणीने टाळी वाजवली. "दादा, जन्मात पहिल्यांदा कुणाचं ऐकलंस बघ."

"ऐकलं कुठे? उठायला गेलो की तू किंचाळतेस."

"अरे, त्यांना जिना तरी उतरू दे," सून नवऱ्याला म्हणाली. "मी हात धरते ना."

तिला तक्ता दाखवण्यात आला. तक्त्यात जिना नव्हता.

अहवाल आला त्या दुपारी सगळे दवाखान्यात गेले. डॉक्टरीणबाईंनी विचारले, "खाणं वाढलं होतं का?"

"छे, मोजून देतो," मुलगा म्हणाला.

"गोळ्या चुकल्या?"

"एकही नाही. उलट पूर्ण आराम दिला. ब्याण्णव टक्के कपात."

"कपात? कशात?"

"चालण्यात."

बाईंनी पेन खाली ठेवले. "अहो, रक्तातली साखर सगळ्यात जास्त वापरतात ते स्नायू. त्यांनाच तुम्ही रजेवर पाठवलंत."

"पण दोनच तर आठवडे झाले."

"तुम्हाला ते पचले असते. बहात्तराव्या वर्षी दोन आठवडे पुष्कळ होतात. आणि पुन्हा चालायला लागले की सगळं लगेच पूर्वीसारखं होईलच, असंही नाही."

"मग किती दिवसांत होईल?" मुलाला आकडा हवा होता.

"सांगता येत नाही."

"छत्तीस वर्षं उन्हातान्हात चाललो," पोस्टमन बहिणीकडे वळून म्हणाला, "तेव्हा कुणी स्टूलही पुढे केलं नाही. आता मागितली नाही तरी खुर्ची."

बाईंनी गोळी थोडी वाढवली आणि पुढच्या बुधवारची तारीख दिली. आदल्या दिवशीची साखर दीडशेच्या आत हवी. त्यानंतर त्या तीन महिन्यांच्या रजेवर जाणार होत्या.

मुलाने रात्रीच्या आत नवा तक्ता केला. दिवसातून तीनदा चालणे, सोबत एक माणूस. चौदा दिवस "उठू नकोस" म्हणणारी बहीण आता तितक्याच तळमळीने "बसू नकोस" म्हणू लागली. पहिल्या दिवशी सातशे पावलांवरच पोस्टमनच्या पोटऱ्या भरून आल्या. सुनेच्या खांद्याला धरून तो एका फाटकाशी उभा राहिला. या फाटकापर्यंत तो पूर्वी पिशवी घेऊन दिवसातून दोनदा येत असे.

"घरी जायचं का, बाबा?"

"घरी? तिथे ती खुर्ची आहे."

गुरुवारी साखर एकशे एकोणसत्तर भरली, रविवारी एकशे सत्तावन्न. मुलाने दोन्ही आकड्यांतून सरळ रेघ काढली आणि मंगळवारी एकशे एकोणपन्नास येणार असे सांगितले. रेघ सरळ जाईल हे त्याने साखरेला विचारले नव्हते.

मंगळवारी सकाळी सात वाजता रक्त दिले. अहवाल अकराला मिळणार होता. सव्वाअकरापर्यंत तो आलेला नव्हता.