फकीह तुहामीचं डांबर

आठवडी बाजार सोडून अख्खं गाव घाटमाथ्यावरच्या टॅक्सी थांब्यावर लोटलं होतं. मोहा ड्रायव्हरच्या टॅक्सीत धुपाचा धूर इतका कोंडला होता, की आत बसलेला, जिन्न उतरवणारा फकीह तुहामी दिसेना. नुसता आवाज येत होता.

"नीघ, पिवळ्या जिन्ना, नीघ! गाडीमागं शेपट्या सोडून बसलास होय रे? मला ओळखत नाहीस?"

गाडीला घसरू न देणारी यंत्रणा बिघडली, की स्टिअरिंगच्या चाकासमोरच्या पाटीवर पिवळा दिवा लागतो. गाडीचं चित्र, मागे दोन नागमोडी रेघा. त्या रेघा म्हणजे जिन्नाच्या शेपट्या, असं फकीहाने ठरवून टाकलं होतं. आणि लोकांना ते पटलंही होतं, घ्या!

धूर ओसरला. दिवा खरंच गेला होता! त्या जागी काचेवर काळ्या डांबराचा ठिपका होता. डांबराला जिन्न भितो, हे इथं शेंबडं पोरही सांगेल.

"ठिपक्याला हात लावाल, तर जिन्न बोटातून अंगात शिरेल," फकीहाने दम भरला. "जा मोहा, बिनघोर उतर घाट."

मोहाने उतारू भरले. घाटात पाऊस लागला होता.

"उतरा सगळे खाली!"

मोहाची भावजय यामना गर्दी रेटत पुढे आली. तिचा नवरा हद्दू याच घाटात, ओल्या वळणावर टॅक्सीसकट दरीत गेला होता. त्याच्या गाडीलाही याच फकीहाने धूप घातला होता. नशीब, म्हणाले लोक. तीही तेच म्हणत रडली. पण काल गॅरेजात मेकॅनिकने त्या मोडक्या गाडीची किल्ली फिरवून दाखवली, तेव्हापासून तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. नुसती आग होती.

"वहिनी, तमाशा नको," मोहा कुजबुजला.

"तमाशाच करायचाय मला. गाडी बंद कर. आता फिरव किल्ली."

पाटीवरचे दिवे भराभर लागले.

"किल्ली फिरवली की सगळे दिवे क्षणभर लागतात. मग तो एकच का नाही लागला?"

"जिन्न गेला म्हणून!" फकीह म्हणाला.

"असं? मग बसा माझ्याशेजारी, सीदी. मी चालवते. सुसाट!"

सीदी म्हणवून घेणाऱ्या फकीहाला एकाएकी गुडघेदुखी आठवली. लोक खसखसून हसले.

यामनाने नखाने ठिपका खरवडला. बायका किंचाळल्या. पिवळा दिवा लख्ख जळत होता.

"हा तुमचा जिन्न! माझ्या हद्दूच्या गाडीतही डांबराखाली हाच दिवा होता. गाडी त्याला ओरडून सांगत होती, आणि या मेल्याने तिचं तोंड बुजवलं!"

तिने फकीहाच्या हातातली डांबराची कुपी हिसकावली आणि त्याच्या चष्म्याच्या दोन्ही काचा माखून टाकल्या.

"दिसते का दरी? नाही ना? मग गेली का ती? बस, चालव गाडी!"

"नको बाई! मरेन मी!"

"हद्दू मेला की."

आता कुणी हसलं नाही. मोहाने मान खाली घालून उतारूंना उतरवलं. एकेक ड्रायव्हर आपापल्या टॅक्सीत वाकून काच खरवडू लागला.

"दिवा जळतच राहिला, तर यंत्रणा बंद करायचं बटण चुकून दाबलं गेलंय का बघा," यामना त्यांना म्हणाली. "तसं नसेल, तर वेग कमी करा, सावकाश मेकॅनिक गाठा. आणि कुणी म्हणालं, इथं हात लावू नका, तर आधी तिथंच नख लावून बघा."